अयाचित वृत्ती आणि औषधाचा कागद

सज्जनहो, कोणापुढे हात पसरू नये, ही माळकऱ्यांची जुनी शिस्त. कीर्तनातून आम्हीही ती पुष्कळदा सांगितली. पण तिचा अर्थ आम्ही नीट सांगितला काय, हा प्रश्न आम्हांस फार दिवस बोचतो आहे.

आमच्या नित्याच्या श्रोत्यांपैकी एका शेतकऱ्यास कर्करोग झाला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. दोन महिने घेतल्या, पैसे सरले, गोळ्या थांबल्या. भेटीस गेलो तेव्हा म्हणाला, "महाराज, आजवर कुणाचं मिंधं झालो नाही, आता कशाला?" त्याचे वैराग्य वाखाणून आम्ही उठलो. तो गेल्यावर त्याची कारभारीण एवढेच बोलली, "तुम्ही एक शब्द टाकला असता, तर ते गेले असते हो अर्ज घेऊन." आम्हांस उत्तर सुचले नाही.

पूर्वपक्ष असा, की प्रारब्ध भोगूनच सरते आणि याचनेने तेज जाते. पहिले मान्य. पण औषध मिळणे प्रारब्धात नाही, हे कोणी वाचून ठेवले? औषधाची किंमत तर माणसेच ठरवतात. यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिब या औषधाला महिन्याला सुमारे २,८०,००० रुपये पडत. २०१२ साली पेटंट नियंत्रकांनी दुसऱ्या भारतीय कंपनीस ते बनवण्याची परवानगी दिली, आणि तेच औषध ८,८८० रुपयांत मिळू लागले. म्हणून हेच औषध स्वस्त रूपात मिळते काय, हे डॉक्टरांस विचारण्यात संकोच कसला?

आता याचना. दुसऱ्याचे मागणे ही याचना. आपल्या नावे ठेवलेले उचलणे ही याचना नव्हे. महाराष्ट्रात मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. तिच्या रुग्णालयांत आरोग्यमित्र असतो, त्याला गाठावे. घरी न्यावयाची प्रत्येक गोळी तीत बसेलच असे नाही; मग मुख्यमंत्री सहायता निधी आहे, विश्वस्त निधी आहेत. परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी वैद्यकीय समाजसेवकांची कचेरीच असते. पहिली पायरी तीच. डॉक्टरांची चिठ्ठी, खर्चाचे अंदाजपत्रक, शिधापत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आधार जवळ असावे. पैसे सरण्याआधी जावे. सरलेच तर गोळी गुपचूप बंद न करता डॉक्टरांस सांगावे.

एखादा अर्ज फेटाळलाही जातो. पण आजाऱ्याने एकट्याने किती खेटे घालावेत? दिंडीत कुणाचे पाय सुजले, तर त्याचे गाठोडे दुसरा उचलतो. त्याला कोणी भीक म्हणत नाही. हा कागदही तसाच उचलावा. प्रत्येक मंडळाने लिहिता-वाचता एक तरुण या कामास नेमावा.

वैराग्य आणि लाज यांची वस्त्रे एकाच रंगाची असतात. त्या दिवशी आम्हांस ती ओळखता आली नाहीत. आता कोणी आजारी माणूस "काही नको" म्हणाला, की आम्ही लगेच वाखाणत नाही, आधी विचारतो, "गोळ्या चालू आहेत ना, बाबा?"

रामकृष्णहरी.