गाठ, जडाव आणि भार

वस्तूतील दोष कोणत्या क्षणी तिचे सौंदर्य ठरतो, आणि तसे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न सौंदर्यशास्त्रात वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु त्याची तड लावू गेल्यास तो नीतिविचाराच्या प्रांतात शिरतो, आणि तेथून साहित्यसमीक्षेच्या. हाताने कातलेल्या लाकडी लेखणीचे उदाहरण या विवेचनाला सोयीचे आहे. ही वस्तू उपयुक्त आहे, शोभिवंत आहे आणि लेखनव्यवहाराशी तिचा प्रत्यक्ष संबंध आहे.

अशा लेखण्यांसाठी गाठाळ चिडाचे लाकूड मुद्दाम निवडले जाते. चीड हे हिमालयाच्या उतारावरचे झाड. महाराष्ट्रात ते मुख्यतः फळ्यांच्या आणि खोक्यांच्या रूपाने येते, आणि इमारतीच्या कामात गाठींमुळे त्याची प्रत उतरते. गाठ म्हणजे वाढत्या बुंध्याने आपल्या पोटात घेतलेला फांदीचा बुडखा. फांदी जिवंत असेतो बुंध्याचे तंतू तिच्याशी एकजीव होत जातात. ती मेल्यावर बुंधा तिला नुसता वेढून वाढतो. म्हणून जिवंत फांदीची गाठ लाकडात घट्ट राहते, तर मेलेल्या फांदीची गाठ लाकूड सुकल्यावर सुटते आणि कधी गळूनही पडते. कातारी लाकडाचा चौरस तुकडा घेतो, त्यात मधोमध आरपार भोक पाडतो, पितळेची नळी बसवितो आणि तो तुकडा यंत्रावर फिरवीत हत्याराने गोल उतरवितो. मऊ लाकडावरून गाठीवर येताच हत्यार अडखळते. गाठ सभोवतालच्या लाकडाहून कठीण असते, तिचे तंतू आडवे गेलेले असतात आणि तिच्यात राळ साठलेली असते. हाताचा दाब क्षणभर चुकला तर गाठ उडते आणि सगळा तुकडा वाया जातो. टिकली तर तेच तांबूस वलय लेखणीचे वैभव ठरते. जेथे गाठ गळून गेली, तेथे पितळेचा कीस, शिंपला किंवा वेगळ्या रंगाचे लाकूड जडविले जाते.

आता हीच गाठ बीड जिल्ह्यातील तेलगावी नेऊन पाहावी. धारूर तालुक्यातील हे गाव सहकारी साखर कारखान्याचे आहे. आणि ज्या जिल्ह्यातून दर हंगामी ऊसतोडीसाठी हजारो कुटुंबे घर सोडून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या जिल्ह्यात ते आहे. येथे लाकूड हातात येते ते कोयत्याची मूठ, कुऱ्हाडीचा दांडा किंवा औताचे रुमणे म्हणून. दांड्यासाठी बाभूळ निवडताना सुतार प्रथम पाहतो ती गाठ, आणि पाहतो ती टाळण्यासाठी. गाठीपाशी तंतू वळतात, सरळ ताण सहन होत नाही, आणि ऐन घावाच्या वेळी दांडा तेथेच मोडतो. मुठीत गाठ राहिली तर दिवसाअखेर तळहाताला फोड येतात. लेखणीही मुठीएवढीच लाकडी वस्तू आहे आणि तीही हातातच धरायची असते. तरी एकीत गाठ हा धोका आहे आणि दुसरीत अलंकार.

या भेदाचे एक उत्तर सौंदर्यशास्त्रात तयार आहे. कांटने १७९० साली प्रयोजननिरपेक्ष आणि प्रयोजनसापेक्ष सौंदर्य असा भेद केला, आणि रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’मुळे (१९७४) तो मराठी समीक्षेच्या चर्चेत रुजला. त्याच्या आधारे असे म्हणता येईल, की मुठीच्या प्रयोजनात गाठ आड येते, लेखणीच्या प्रयोजनात ती आड येत नाही, म्हणून पहिलीत ती कुरूप आणि दुसरीत सुंदर. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. लेखणीवर भार नसतो म्हणून तिला गाठ परवडते, एवढेच ते सांगते. ज्याच्या हातातील वस्तूवर भार नाही, त्यालाच दोषाची आवड जोपासता येते, हा त्यातून निघणारा नैतिक निष्कर्ष मात्र ते उच्चारीत नाही. गाठीचे कौतुक करणारा रसिक आणि गाठ टाळणारा मजूर यांच्यातील अंतर अभिरुचीचे दिसते. वस्तुतः ते भार कोणावर आहे याचे अंतर आहे.

येथे रस्किनची साक्ष काढली जाईल. १८५३ साली गॉथिक वास्तूंविषयी लिहिताना त्याने अपूर्णतेला कारागिराच्या स्वातंत्र्याची खूण मानले. परंतु त्याला अभिप्रेत असलेली अपूर्णता कारागिराच्या हाताची होती. गाठ ही लाकडाच्या आयुष्याची आहे, कारागिराने ती केलेली नाही. या ठिकाणी डेव्हिड पाय यांनी १९६८ साली मांडलेला विचार अधिक उपयोगी पडतो. त्यांनी कारागिरीचे दोन प्रकार मानले. एकीत निष्पत्ती आधीच निश्चित असते. दुसरीत शेवटच्या क्षणापर्यंत काम बिघडण्याची जोखीम असते. गाठाळ लाकूड कातणे हे दुसऱ्या प्रकारात येते. म्हणजे लेखणीतील गाठीवर भार नाही हे विधान केवळ वापरणाऱ्याच्या बाजूने खरे आहे. घडविण्याच्या वेळी तिचा सगळा भार कातारी उचलतो, आणि लेखणी खिशाला लावणाऱ्यापर्यंत तो भार पोचत नाही. जे सौंदर्य म्हणून पोचते ते दुसऱ्याच्या जोखमीचे फळ असते. यात अन्याय असेलच असे नाही. विस्मरण मात्र असते.

जडावाचा प्रश्न याहून नाजूक आहे. गाठ आतून येते, जडाव बाहेरून. म्हणून जडाव खोटा आणि गाठ खरी, असा सोपा निवाडा करण्याचा मोह होतो. पण गळालेल्या गाठीच्या जागी दोन गोष्टी करता येतात. भुसा आणि सरस कालवून लाकडाच्याच रंगाची लांबी भरता येते, म्हणजे येथे काही नव्हतेच असे भासते. किंवा पितळ बसविता येते. पितळ लाकूड असल्याचा आव आणीत नाही. येथून काही गेले आहे, हे ते चकाकून सांगते. खोटेपणा पहिल्या कृतीत आहे. जडाव दोषी ठरतो तो मात्र जिवंत गाठ कोरून काढून तिच्या जागी बसविला जातो तेव्हा.

मराठी साहित्यविचाराला हा भेद परका नसावा. प्रमाण भाषेतील निवेदनात पात्रांच्या तोंडी बोलीतील संवाद घालण्याची रीत ग्रामीण कथेत दीर्घकाळ चालली. चांगल्या लेखकाच्या हाती तिने उत्तम काम केले आहे. पण पुष्कळदा ते संवाद काढून प्रमाण रूपात लिहिले तरी कथेचा डोलारा ढळत नाही. बोली तेथे जडाव आहे. याउलट रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) ही कादंबरी शिंप्याच्या घरातील बाईच्या तोंडून मराठवाडी बोलीत सांगितली जाते. ती बोली काढली तर मागे काही उरत नाही, कारण निवेदनाचा सगळा भार तिनेच पेललेला आहे. कोयत्याच्या मुठीतील गाठ मोडते आणि लेखणीतील गाठ मिरवते. ‘पाचोळा’तील गाठ यांहून तिसरी आहे, ती पेलते. अशा कृतीला ‘रांगडी’, ‘अस्सल मातीतली’ अशी विशेषणे लावणारी समीक्षा ती गाठ कोरून काढते आणि तिच्या जागी कौतुकाचे पितळ बसविते. ही विशेषणे निंदेची नाहीत, म्हणूनच ती अधिक घातक आहेत. भाषा काय पेलते हे पाहण्याऐवजी ती कशी दिसते एवढेच त्यांना दिसते.

याच बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईस, दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर त्यांनी पंचीकरणाचा विषय लिहिला. त्या काळी लिहिण्याचे साधन म्हणजे बोरू. बोरूलाही पेर असते, आणि टोक पेर टाळून काढावे लागते. झिजले की पुन्हा तासावे लागते. असे साधन लेखनात संपून जाते, त्याची आठवण कोणी ठेवीत नाही. जडावाची लेखणी मात्र लेखनानंतरही उरू पाहते. तिला तो हक्क नाही असे नव्हे. त्या हक्काची किंमत कोणी दिली हे विचारले जावे, इतकेच.

‘ग्रंथ’ आणि ‘ग्रंथी’ हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आले आहेत, आणि ‘गाठ’ हे ‘ग्रंथी’चेच देशी रूप. ग्रंथाची परीक्षा गाठीच्या परीक्षेहून फार निराळी असू शकत नाही. तेलगावचा सुतार लाकूड हाती घेऊन गाठ कोठे आहे आणि तिच्यावर भार येणार आहे काय, हे दोन प्रश्न विचारतो. समीक्षक सहसा पहिल्यावर थांबतो.