जाणणें आणि दाखविणें

दोन हा अंक सदुसष्ट वेळां मांडून सर्वांचा गुणाकार करावा व त्यांतून एक वजा करावा, म्हणजे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या हातीं येते. मेर्सेन नांवाच्या फ्रेंच संन्याशानें ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक व ती स्वतः ह्यांवांचून दुसऱ्या कशानेंही तिला निःशेष भाग जात नाहीं, असें १६४४ सालीं आपल्या ग्रंथांत लिहून ठेविलें. पुरावा दिला नाहीं. तरी दोनशें वर्षांहून अधिक काळ तें विधान कोणी खोडून काढलें नाहीं.

१८७६ सालीं ल्युका ह्या फ्रेंच गणितज्ञानें ही संख्या मूळ नव्हे असें सिद्ध केलें. नवल असें कीं, तिचे अवयव कोणते हें त्याच्या सिद्धतेवरून कळत नव्हतें. घरांत चोरी झाली हें निश्चित ठरावें आणि चोराचें नांव मात्र कळूं नये, तसा हा प्रकार! अशा ज्ञानास पुरें ज्ञान म्हणावें काय? तर्कशास्त्री होय म्हणेल, व त्याचें म्हणणें आम्हांस खोडतां येत नाहीं. तरीही आमचें मन तेवढ्यावर निवत नाहीं. अमुक खोटें आहे हें कळल्यानें जुना विश्वास जातो. त्याच्या जागीं कांहीं येत नाहीं.

ती रिकामी जागा अमेरिकेंतील प्राध्यापक कोल ह्यांनीं भरून काढली. ह्या संख्येचा अवयव असा असावा लागतो कीं, त्यास १३४ नें भागतां बाकी १ उरेल. एवढी वाट कळली तरी ह्या वाटेवर लहानांत लहान अवयव चौदा लाखांहून अधिक पायऱ्या पुढें आहे. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजीं अमेरिकन गणितपरिषदेपुढें त्यांनीं तो मांडला : १९,३७,०७,७२१. त्याचा सोबती ७,६१,८३,८२,५७,२८७. त्यांनीं फळ्यावर गुणाकार केला व एक शब्दही न बोलतां ते खालीं बसले, आणि ह्या कामीं तीन वर्षांचे रविवार खर्चीं पडले, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी मानण्याचा आमचा आग्रह नाहीं.

आज हेंच काम यंत्र क्षणार्धांत करतें. मग ते श्रम व्यर्थ गेले काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मेर्सेनवर विश्वास ठेवावा लागे. ल्युकाची सिद्धता समजण्यास विद्वत्ता लागे. कोलचें उत्तर तपासण्यास मात्र पाढे पुरेत. शोधणाऱ्यानें वर्षें वेंचावीं आणि विचारणाऱ्यास अर्ध्या तासांत स्वतःची खात्री करून घेतां यावी, ह्यांत सत्याच्या व्यवहारांतील मोठें सौजन्य आहे. मोठ्या नांवाच्या दडपणाखालीं मान डोलावण्याची ज्यांना संवय जडली आहे (आणि त्यांत आम्हीही आलोंच) त्यांना तें विशेष जाणवावें.

आम्हीं एका दुपारीं पाटी घेऊन तो गुणाकार करूं लागलों. पहिल्या खेपेस हातचा चुकला व क्षणभर कोलच चुकले असावेत असें वाटलें. दुसऱ्या खेपेस एकवीसही अंक जुळले.