एकच झोळी

देशांतर्गत विमानप्रवासात हाती बहुधा ७ किलोंची, ५५ × ३५ × २५ सेंटिमीटरांची एकच बॅग नेता येते. तीत आपण ‘लागलेच तर’ म्हणून किती वस्तू कोंबतो! त्या दोन शब्दांत भय दडलेले असते.

बारा शिष्यांना पाठवताना प्रभूने झोळीही नाकारली (लूक ९:३). मूळ ग्रीक शब्द ‘पेरा’, म्हणजे वाटसरूची पिशवी. ती नसल्यामुळे त्यांना परक्या घराचा आसरा घ्यावा लागला. तरीही काही उणे पडले नाही, अशी साक्ष त्यांनीच दिली (लूक २२:३५).

म्हणून बॅग भरताना एकेक वस्तू हाती घेऊन स्वतःस विचारा: ज्यांच्या घरी मी जात आहे, त्यांच्याकडे ही मागता येणार नाही काय? संकोच सोडून मागा. देणाऱ्यालाही आशीर्वाद लाभू द्या.