कांदिवलीच्या खड्ड्यातला आदिमानव

माणूस कुठून आला, हा विषय निघाला की आपली नजर लगेच आफ्रिकेकडे जाते. टांझानियातली ओल्डुवाई घळ, इथिओपियात १९७४ साली मिळालेली बत्तीस लाख वर्षांपूर्वीची ‘ल्यूसी’ ही नावे आता शाळकरी मुलांनाही माहीत असतात. त्यात गैर काही नाही. मानवी वंशाचे मूळ आफ्रिकेतच आहे. पण त्यातून असा एक समज रुजतो की आदिमानव ही लांबची गोष्ट, आणि आपल्या मुंबईच्या उपनगरांचा इतिहास फार तर कान्हेरीच्या लेण्यांपासून सुरू होतो. हा समज खोटा ठरवणारा पुरावा ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी छापून आला आहे.

तो शोधला नौदलातल्या एका अधिकाऱ्याने. लेफ्टनंट कमांडर के. आर. यू. टॉड हे व्यवसायाने पुरातत्त्वज्ञ नव्हते. मुंबईच्या आसपास हिंडत त्यांनी दगडी हत्यारे गोळा केली आणि १९३९ साली लंडनच्या रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात मुंबईच्या पुराश्मयुगावर निबंध लिहिला. त्याचा कणा होता कांदिवली. तिथे मूळ खडकावर गोट्यांचे आणि चिकणमातीचे थर एकावर एक साचलेले होते. खालच्या थरांत जाडजूड हातकुऱ्हाडी आणि छिलके, तर वरच्या थरांत लांबट, नेटकी पाती. मढ-मार्व्याच्या किनाऱ्याकडे तर नखाएवढी सूक्ष्मास्त्रेही मिळाली. टॉडनी वापरलेली युरोपीय वर्गीकरणाची नावे पुढे मागे पडली. १९५९ साली बडोद्याच्या विद्यापीठातून एस. सी. मलिक यांचा मुंबई आणि सातारा जिल्ह्यांतल्या अश्मयुगावरचा ग्रंथ आला. अर्थ बदलत गेले, दगड मात्र खरे होते.

ते माणसानेच घडवलेत हे कशावरून, अशी शंका कुणालाही येईल, आणि यायलाच हवी. ऊन-पावसाने दगड फुटतो तो कसाही फुटतो. माणूस मात्र कडेवर नेमकी जागा बघून घाव घालतो. मग निघालेल्या छिलक्यावर त्या जागेखाली किंचित फुगवटा राहतो, आणि तळ्यात खडा पडल्यावर उठतात तशा लाटा त्या बिंदूपासून पसरलेल्या दिसतात. अंगठा फिरवला तरी फुगवटा कळतो. मूळ दगडावर त्याच्या जोडीची खोलगट खूण उरते. अशा खुणा एकाच दगडावर दोन्ही बाजूंनी, ओळीने, एका धारेच्या दिशेने आल्या की योगायोग संपतो. आधी आकार मनात धरून मग हात चालवणारा कुणीतरी तिथे बसलेला होता, हे मान्य करावे लागते. मला तर हाडापेक्षा हा पुरावा जास्त बोलका वाटतो. हाड शरीर दाखवते, हत्यार विचार दाखवते.

मग त्या माणसांची हाडे कुठे गेली? कोकणात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. बेसाल्ट कुजून होणारी इथली तांबडी माती आम्लधर्मी असते आणि तिच्यात हाड विरघळून जाते. घाटापलीकडे, घोड नदीकाठच्या इनामगावात कोरड्या, चुनखडीयुक्त मातीने तीन हजार वर्षांपूर्वीची दफनेही जपून ठेवली. भारतात प्राचीन मानवाची कवटी मिळाली तीही नर्मदेच्या गाळात, हथनोऱ्याला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना ५ डिसेंबर १९८२ रोजी. शिवाय वीसेक हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना समुद्राची पातळी शंभर मीटरहून अधिक खाली होती, किनारा खूप पश्चिमेला होता. त्या काळच्या किनाऱ्यावरच्या वस्त्या आज अरबी समुद्राखाली आहेत.

म्हणजे मानवी उगमाचा जो नकाशा आपण बघतो, तो माणसे कुठे राहिली याचा नसून त्यांच्या खुणा कुठे टिकल्या याचा आहे. त्याहीपुढे जाऊन, कुणी निरखून पाहिले याचा आहे. मातीचे नशीब आपल्या हाती नाही, पाहणे मात्र आहे. आणि या शास्त्राच्या इतिहासात पाहणारे बहुधा दुसऱ्याच कामावर असत. भारतातले पुराश्मयुगाचे पहिले हत्यार रॉबर्ट ब्रूस फूट यांना १८६३ साली चेन्नईजवळच्या पल्लावरमला मिळाले, ते मुरमासाठी खणलेल्या खड्ड्यात. फूट भूवैज्ञानिक होते. खड्डा दुसऱ्यांचा, नजर त्यांची.

खड्ड्यांची आज उपनगरांत वाण नाही. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, जिथे जाल तिथे पुनर्विकास सुरू आहे. जुनी चार मजली इमारत पाडून दोन-तीन मजल्यांच्या तळघरांसाठी खोल खोदतात. पोकलेन खाली उतरते आणि भराव, चिकणमाती, मुरूम, खडक असे सगळे थर उभ्या भिंतीत उघडे पडतात. एवढे मोठे छेद कुठल्याही विद्यापीठाला पैसे मोजून घेता आले नसते. काही आठवड्यांत त्या भिंतींवर काँक्रीट चढते. डंपर माती घेऊन जातात आणि थर एकदा मोडला की तो पुन्हा वाचता येत नाही. खुद्द कांदिवलीचे मोकळे माळ आणि टेकड्यांचे पायथे कधीच वसाहतींखाली गेले. त्यांबद्दल हळहळण्यात अर्थ नाही, लोकांना घरे हवीतच. पण पुढचे खड्डे अजून खणायचे आहेत.

पाहणारे लोकही आहेत. मुंबई विद्यापीठ आणि पार्ल्याच्या साठ्ये महाविद्यालयातल्या पुरातत्त्वाच्या मंडळींनी गेल्या काही वर्षांत साष्टी बेट पायी धुंडाळले आहे. त्यांना फक्त आत येऊ द्यायला हवे. म्हणून सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना आणि बांधकामावरच्या अभियंत्यांना विनंती आहे. सॉइल टेस्टिंगचा अहवाल फाइलमध्ये पडू न देता त्याची एक प्रत पुरातत्त्वाच्या विभागाला द्या, आणि पायाचा खड्डा पूर्ण खोल झाला की काँक्रीट ओतण्याआधी एक दिवस त्यांच्या विद्यार्थ्यांना भिंतींचे फोटो घेऊ द्या. बिल्डरशी करार करतानाच ही अट त्यात लिहून घ्या.