रतामाखालची भाकर

शास्त्रपाठ : १ राजे १९:१–८

कर्मेल डोंगरावर बआलाच्या संदेष्ट्यांपुढे एकटा उभा राहणारा एलीया पुढल्याच अध्यायात रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतो, याचे पुष्कळांस नवल वाटते. चाकरास त्याने बैर-शेबा येथे मागे ठेविले होते. तो एकटा होता, हे विसरू नये. देवदूताने त्याच्या अल्पविश्वासाचा एक शब्दही काढिला नाही. त्यास स्पर्श करून उठविले, निखाऱ्यावरची भाकर व पाणी दिले, पुन्हा निजू दिले, आणि पुन्हा उठवून जेवू घातले. होरेबावरील संभाषण मागाहून झाले, आधी भाकर.

आपल्या मंडळ्यांतील कित्येक वृद्ध आज याच झुडपाखाली आहेत. मुले शहरास गेली, सहचारिणी निवर्तली, त्यात मधुमेह. मग एके दिवशी म्हातारा म्हणतो, 'आता गोळ्या कशाला?' मधुमेह असलेल्यांत खिन्नतेचा आजार इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतो. खिन्न मनुष्य औषध टाळतो, जेवणाची वेळ चुकवितो. साखर वाढते, आणि वाढलेली साखर शरीर थकवून मनास आणखी खाली ओढते. अशास 'तुमचा विश्वास उणा पडला' असे सांगणे हा निर्दयपणा होय.

उपदेशक बंधूंनो, भेटीस जाल तेव्हा प्रार्थनेपूर्वी विचारा : आज जेवलात काय? गोळी घेतली काय? त्यांची पावले उजेडात पाहा. मधुमेहाने तळव्यांची जाणीव जाते, काटा रुतला तरी कळत नाही, आणि लहानशा जखमेपायी पाय गमाविण्याची पाळी येते. इन्सुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांस न विचारिता उपास धरू नये, मग तो प्रार्थनेचा का असेना. अशा मनुष्यास एकाएकी घाम सुटला, हात कापू लागले, तो असंबद्ध बोलू लागला, तर भूतबाधा समजू नका. शुद्धीवर असल्यास तीन लहान चमचे साखर पाण्यातून तत्काळ द्या. गिळता येत नसल्यास तोंडात काही न घालिता दवाखान्यात न्या.

दोन आठवडे ज्याचे मन कशातच रमत नाही, झोप व भूक उडाली आहे, त्यासही डॉक्टरांकडे न्यावे; खिन्नतेवर उपचार आहेत. २०२२ साली सरकारने सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. आणि जो एलीयाप्रमाणे मरण मागतो त्यास घटकाभरही एकटे सोडू नका.

रविवारी उपासनेस कोणी वृद्ध आला नाही, तर त्याच सायंकाळी त्याच्या घरी जा. जाताना भाकर व भाजी न्या, आणि त्याच्यासोबत बसून जेवा.