असणे आणि सन्निधान

घरात मृत्यू घडला म्हणजे शोकाकुल वासनिक मठात येतो, दंडवत घालतो आणि विचारतो, ‘काल जो होता, तो आज आहे की नाही?’ प्रश्न साधा दिसतो. परंतु उत्तर देण्यापूर्वी ‘आहे’ या शब्दाचा अर्थ नीट लावला पाहिजे.

ब्रह्मविद्याशास्त्राने जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ सांगितले. चारही अनादी, अनंत व परस्परांहून भिन्न. कोणी कोणापासून उपजलेला नाही, कोणी कोणात विरून जाणार नाही. प्रपंच कार्यरूपाने घडतो-मोडतो, कारणरूपाने तोही राहतो. तेव्हा देह पडला तरी जीव नाहीसा होत नाही, हे उत्तर निःसंदेह देता येते.

परंतु हे उत्तर बहुधा सांत्वन म्हणून दिले जाते, आणि तेथेच घोटाळा होतो. त्यात सांत्वन थोडे व धाक अधिक आहे. ज्याला अंत आहे त्याच्या दुःखालाही अंत असतो. जीवाला तो नाही. अनादी अविद्येने वेढलेल्या जीवाने नरक, स्वर्ग, कर्मभूमी किती वेळा भोगली याची गणना नाही, आणि ज्ञानावाचून ही रहाटी थांबण्याचे कारणही नाही. असणे त्याने कमावलेले नाही. म्हणून ते त्याला टाकताही येत नाही. मनुष्य ‘मी उरेन का?’ म्हणून भितो. भ्यावयाचे तर ‘असाच उरेन का?’ म्हणून भ्यावे.

अद्वैती म्हणतील, जीवपण गळाले की प्रश्नच मिटला. महानुभाव शास्त्र ही वाट देत नाही. मोक्षातही जीव जीवच राहतो. तो परमेश्वराचा आनंद भोगतो, परमेश्वर होत नाही. भोगणाराच उरला नाही तर आनंद कोणाचा?

जन्मापासून तळघरात ठेवलेल्या माणसाचे डोळे शाबूत असतात, तरी त्याने काही पाहिलेले नसते. त्याला डोळे नाहीत असे कोणी म्हणत नाही. डोळे असल्याचा त्याला उपयोग झाला, असेही म्हणवत नाही. बद्ध जीवाचे असणे या जातीचे आहे. दार आतून उघडत नाही. ते परमेश्वर कृपेने उघडतो, यासाठीच अवतार. म्हणून जीवाच्या बाबतीत ‘आहे की नाही’ यापेक्षा ‘कोणाच्या सन्निधानी आहे’ हा प्रश्न मोठा.

आणि सन्निधानच अंतरले तर? सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केले तेव्हा हा प्रश्न शास्त्रचर्चेचा राहिला नाही. परिवारातले सर्व जण होते. ज्याच्यामुळे त्यांच्या असण्याला अर्थ आला, तो दृष्टीआड झाला होता. श्रीनागदेवाचार्य व इतर भक्तजन रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. पुढे तेही सन्निधान सरले. मागे उरली असतीपरी : अटन, विजन, भिक्षा आणि स्मरण. स्मरणाला पुष्कळ जण मनाची समजूत मानतात. तसे मानणाऱ्याने म्हाइंभटांकडे पाहावे. ते आचार्यांना लीळा विचारीत. जी लीळा दुसऱ्या कोणी पाहिली असेल, तिच्यासाठी त्या भक्ताला गाठीत. स्वामी कोठे बसले होते, कोणाशी बोलले, काय आरोगिले, असे सारे विचारून घेत आणि ऐकलेले लिहून ठेवीत.