चौथ्या चाकाची टोपी

जुन्या वस्तूचा हरवलेला भाग शोधताना आपण नेमके काय शोधत असतो? तो भाग, की त्या वस्तूविषयी ‘ही जशी होती तशीच आहे’ असे म्हणण्याचा हक्क? प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण दुर्ग-भिलाईतल्या आमच्या मोहन नगरात एका १९६८ च्या फियाटच्या निमित्ताने तो उभा राहिला, तेव्हा तो मुळीच किरकोळ नाही हे लक्षात आले.

गाडी ‘फियाट ११०० डिलाइट’. मालक पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. चारपैकी एका चाकाची व्हीलकॅप, म्हणजे चाकाच्या मध्यावर बसणारी चकचकीत टोपी, कुठेतरी निखळून पडली. या टोपीवाचून गाडीचे काही अडत नाही. नटांवर धूळ-चिखल बसू नये एवढेच तिचे काम. पण तीन चाके सजलेली आणि चौथे उघडे, हे काकांना बघवेना. शोध सुरू झाला.

अशा शोधात पहिली पायरी ओळख पटवण्याची. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार झालेली ही गाडी १९६४ पासून ‘डिलाइट’ म्हणून विकली गेली, पुढे ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. सांगाडा बव्हंशी तोच राहिला, नावे आणि बिल्ले बदलत गेले. त्यामुळे चाकावर बसणारी प्रत्येक टोपी त्या सालची असतेच असे नाही. व्यास मोजायचा, पकडणाऱ्या स्प्रिंगा कुठे आहेत ते बघायचे, पत्र्यावर क्रोम चढवलेला आहे की पत्राच स्टेनलेसचा आहे हे तपासायचे, पाठीवर कारखान्याचा शिक्का आहे का ते पाहायचे. गाडीचे सालही नोंदणीच्या कागदावरून नव्हे, तर चासी नंबरावरून ठरवायचे. कारण गाडी बनली कधी आणि नोंदली गेली कधी, यांत अंतर असू शकते.

ही तपासणी करताना एक गंमत उघड झाली. उरलेल्या तिघींपैकी एक टोपीही मूळची नव्हतीच. आकार तोच, पण घडण वेगळी. वडिलांनीच पूर्वी केव्हातरी बाजारातून आणून बसवली असणार. म्हणजे ज्या ‘मूळ संचा’साठी शोध चालला होता, तो संच कित्येक वर्षांपूर्वीच मोडला होता आणि घरात कुणाला त्याचा पत्ताही नव्हता.

तत्त्वज्ञानाला हा प्रश्न जुना आहे. प्लुटार्कने सांगितलेल्या थिसियसच्या जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या. मग ते जहाज तेच राहिले का? आपल्याकडे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो: तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे आस का? चाके का? दांडी का? राजा प्रत्येकाला ‘नाही’ म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की या सगळ्या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव चालते, एवढेच. नागसेनाचे ऐकले तर काकांनी कोणतीही टोपी लावावी आणि स्वस्थ बसावे. मूळ असे काही नसतेच.

भिलाईत राहणाऱ्याला हे उत्तर पटायला सोपे आहे. १९५९ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. झोतभट्टीच्या आतल्या विटा झिजतात, ठरावीक वर्षांनी भट्टी थंड करून आतले अस्तर नवे घालतात. तरी भट्टीचा क्रमांक तोच राहतो आणि ‘ही ती भट्टी नव्हे’ असे कुणी म्हणत नाही. जी वस्तू काम करते, तिची ओळख तिच्या कामात असते. लोखंड वितळते आहे तोवर भट्टी तीच.

पण व्हीलकॅपला हा न्याय लावता येत नाही, कारण तिला काम जवळजवळ नाहीच. ती आठवणीसाठी आहे. जी वस्तू वापरासाठी नव्हे तर जपण्यासाठी ठेवलेली असते, ती साक्षीदारासारखी असते: ‘१९६८ साली एका मध्यमवर्गीय घराने वर्षानुवर्षे वाट पाहून मोटार घेतली, ती अशी दिसत होती.’ आणि साक्षीदाराला कामाची कसोटी लागत नाही, खरेपणाची लागते. म्हणून नागसेनाशी पूर्ण सहमत होऊनही प्रश्न उरतोच. रथ हे केवळ नाव असेल; पण नाव घेणारा माणूस खरे बोलतो की खोटे, हा भेद त्याने पुसला जात नाही.

थॉमस हॉब्जने १६५५ मध्ये या कोड्याला एक पीळ दिला: काढून टाकलेल्या फळ्या कुणी गोळा केल्या आणि त्यांचे दुसरे जहाज बांधले, तर खरे जहाज कोणते? आमच्या शेजारच्या ओडिशात, जगन्नाथपुरीला, या कोड्याचे एक उत्तर शतकानुशतके दिले जात आहे. नवकलेवराच्या वेळी, अलीकडे २०१५ साली, देवांच्या लाकडी मूर्ती नव्या घडवतात. जुन्या मूर्तींतला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तींत नेतात आणि जुन्या मूर्ती कोइली वैकुंठात पुरतात. जुन्या फळ्या बाजारात जात नाहीत, म्हणून दुसरे जहाज उभे राहत नाही. सातत्य लाकडाचे नसते. ते हस्तांतराच्या विधीचे असते आणि जुन्याला दिलेल्या निरोपाचे असते.

मोटारींच्या जगात असा निरोप नाही. इथे जुन्या फळ्या बाजारातच येतात. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती जातच टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. हजारो गाड्यांचे अवयव भंगारात सुटे झाले. जी गाडी मेलीच आहे तिची टोपी घेण्यात मला काही वावगे दिसत नाही. उलट तो तिचा सन्मानच आहे.

पण काकांना आलेला पहिला प्रस्ताव तसा नव्हता. एका दलालाने कळवले की एका गावात एक डिलाइट उभी आहे, मालकाला पैशांची गरज आहे, चारही टोप्या काढून मिळतील. किंमत ऐकून नाकापेक्षा मोती जड व्हावा अशी. तरी काकांनी नाही म्हटले ते किमतीमुळे नाही. ‘माझी पुरी करायला दुसऱ्याची उघडी करू?’ एवढेच ते म्हणाले. वस्तूंची संख्या मर्यादित असते तिथे एकाची पूर्णता दुसऱ्याच्या उणिवेतून येते, हे संग्राहक सहसा बोलत नाहीत.

दुसरा प्रस्ताव एक सुटी, हुबेहूब टोपी. कुठून आली, याला उत्तर नाही. मुंबईचा चोर बाजार असो की कुठल्याही शहरातला जुना बाजार, तिथला सगळाच माल चोरीचा नसतो. पण ‘कुठून आणली’ हे विचारायचे नाही, हा तिथला अलिखित शिष्टाचार असतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे कायद्याने गुन्हा आहे. न जाणता घेणे गुन्हा नसेल. पण न जाणण्याची काळजी घेणे? ज्या वस्तूचे मोल तिच्या इतिहासात आहे, तिचा इतिहास विचारू नये ही अट मान्य करून ती घेणे म्हणजे दोन्ही हातांनी परस्परविरुद्ध कामे करणे होय.

उरला तिसरा मार्ग: नवी घडवून घेणे. इथे ‘दुधाची तहान ताकावर’ अशी टीका होणारच. शिवाय कायदाही आड येईल असे कुणी म्हणेल. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळू शकतो, पण गाडी मूळ रूपात असावी, तिच्यात मोठे फेरफार नसावेत अशी अट आहे. एका टोपीने मोठा फेरफार होत नाही हे उघड आहे. खरा पेच वेगळाच. घडवलेली टोपी जितकी चांगली, तितकी ती खोटे बोलायला समर्थ.

स्मारकांच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद तयार झाली, तिच्यात यावर दोन तत्त्वे आहेत. नवा भाग संपूर्णाशी जुळावा, तरी मूळ भागापासून वेगळा ओळखू यावा, म्हणजे दुरुस्तीने पुरावा खोटा ठरणार नाही. आणि इमारतीत वेगवेगळ्या काळांनी घातलेल्या भरीचा मान राखावा. सगळे काही एकाच काळाचे करणे हे जतनाचे ध्येय नव्हे. देवळाचा नियम मोटारीला कशाला, असे वाटेल. पण साक्षीदार दगडाचा असो की पत्र्याचा, त्याला पढवू नये हे दोन्हीकडे सारखेच.

काकांनी हेच केले, सनद न वाचता. पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून टोपी घडवून घेतली, क्रोम चढवला, आणि आतल्या बाजूला पंच मारून घेतला: ‘दुर्ग’, आणि खाली साल. वडिलांनी बसवलेली ती परकी टोपी मात्र बदलली नाही. ती कारखान्यातून आली नसेल, पण कित्येक वर्षे याच चाकावर फिरली. कारखान्यातले पहिले रूप तेवढे खरे आणि नंतरचे जगणे भेसळ, असे मानले तर माणसाबद्दलही जन्मदाखलाच खरा म्हणावा लागेल.

कुणी म्हणेल, आतला पंच दिसणार कुणाला? बाहेरून तर चारही टोप्या सारख्याच. आक्षेप बरोबर आहे, पण त्यातच उत्तर आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला कुणी काही सांगत नाही, त्याने काही विचारलेलेही नसते. ज्याला खरोखर जाणून घ्यायचे आहे, म्हणजे उद्याचा मालक, परीक्षक किंवा एखादा नातू, तो टोपी काढून उलटी करतोच. प्रामाणिकपणा म्हणजे प्रत्येक गोष्टीवर पाटी लावणे नव्हे. विचारणाऱ्याला उत्तर सापडेल अशी व्यवस्था ठेवणे.

आपल्या घरांत, भाषांत, घराण्यांच्या कहाण्यांत अशा कितीतरी टोप्या मागाहून बसवलेल्या आहेत. दुर्गातले आम्ही मराठी लोकच बघा. नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातून १९५६ मध्ये भोपाळच्या राज्यात आलो, २००० मध्ये छत्तीसगडमध्ये. जागचे न हलता. बोलण्यात हिंदी आली, छत्तीसगढी आली, आणि मराठी तरीही मराठीच राहिली. बदलले याची लाज नाही. लाज वाटावी ती बदललेच नाही असे भासवण्याची.